नावांआधी नकाशा : प्राथमिक वर्गांना भूगोल शिकवू पाहणाऱ्यांसाठी

प्राथमिक वर्गांना भूगोल शिकवण्याची जबाबदारी नव्याने स्वीकारणारे बहुतेक शिक्षक नद्या, पर्वत, खंड आणि राजधान्यांच्या याद्यांपासून सुरुवात करतात, कारण पाठांतर तपासायला सोपे असते. अनेक वर्षे हा विषय शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, सात ते दहा वर्षांच्या मुलांचे पहिले काही महिने नावांशिवाय गेले तरी काही बिघडत नाही. मात्र वरून पाहणे, दिशा ओळखणे आणि अंतर लहान करून मांडणे या तीन गोष्टी मुलांनी स्वतःच्या हातांनी केल्या नसतील, तर पुढे पाठ केलेली सगळी नावे कागदावरच राहतात.

या तिन्हींत वरून पाहणे सर्वांत अवघड. टेबल वरून कसे दिसेल ते काढा असे सांगितले की अनेक मुले चौकोन काढतात आणि त्याच्या चारही बाजूंना पाय पसरतात, म्हणजे एकाच चित्रात वरून आणि समोरून पाहतात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि बेर्बेल इन्हेल्डर यांनी १९४८ साली मांडलेल्या प्रसिद्ध प्रयोगात मुलांपुढे तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवून, पलीकडे असलेल्या बाहुलीला काय दिसत असेल असे विचारले जाई. लहान मुले बहुधा स्वतःला दिसणारेच दृश्य निवडत. मांडणी सोपी आणि ओळखीची असेल तर याहून लहान मुलांनाही हे जमते, असे पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले. शिक्षकाने यातून घ्यायचे ते एवढेच की सुरुवात ओळखीच्या वस्तूंपासून करावी. डबा, पुस्तक, पेला अशा वस्तू कागदावर ठेवून त्यांच्या कडेने पेन्सिल फिरवू द्यावी, वस्तू उचलून उरलेल्या आकारांकडे पाहू द्यावे आणि कोणता आकार कशाचा हे दुसऱ्या गटाला ओळखायला लावावे. पेला आणि गोल डबा यांचे आकार सारखेच दिसतात म्हणून वाद होतो, तेव्हा प्रत्येक आकाराला खूण द्यावी अशी सूचना एखादे मूलच करते. नकाशाची सूची शिकवण्याची याहून चांगली वेळ मला सापडलेली नाही.

यानंतर वर्गाचा आराखडा घ्यावा. लांबी-रुंदी आधी पावलांनी मोजावी. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते आणि मीटरपट्टीची गरज मुलांना आपोआप पटते. मग चौकटीच्या कागदावर एक मीटरला एक चौकट धरून वर्ग काढावा. तोच वर्ग एक मीटरला दोन चौकटी धरून पुन्हा काढायला लावल्यास, चित्र मोठे झाले तरी वर्ग तेवढाच राहिला, हे प्रमाणाचे मर्म व्याख्येविना कळते.

दिशांच्या बाबतीत पाठ्यपुस्तकी सवयींपासून थोडे सावध राहावे. सूर्य पूर्वेला उगवतो हे वाक्य ढोबळ आहे. तो अगदी पूर्वेला उगवतो तो केवळ २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास, एरवी तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्याऐवजी मोकळ्या जागेत एक सरळ काठी रोवून, दुपारच्या आगेमागे थोड्या थोड्या वेळाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगावे. दिवसातली सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषेत पडते, आणि ही रेषा मुलांनी स्वतः शोधलेली असल्यामुळे ती त्यांच्या लक्षात राहते. काढलेला आराखडा याच रेषेशी जुळवून जमिनीवर पसरावा. नकाशा कायम भिंतीवर टांगलेला असला की उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली असा समज घट्ट बसतो, मग नद्या दक्षिणेकडेच वाहत असणार असेही मुले ठरवून टाकतात. अशा वेळी सुमारे ६,६५० किलोमीटर लांबीची नाईल उत्तरेकडे वाहत समुद्राला मिळते, हे उदाहरण हाताशी ठेवावे.

पृथ्वीगोल वर्गात आणला म्हणजे पृथ्वी गोल असल्याचे कळले, असे गृहीत धरू नये. व्होस्नियाडू आणि ब्रुअर या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांच्या मनातली पृथ्वी तबकडीसारखी होती, तर काहींच्या मते माणसे पोकळ गोलाच्या आत सपाट जमिनीवर राहत होती. पृथ्वी गोल आहे, हे उत्तर मात्र यांतली कित्येक मुले देत होती. त्यामुळे उत्तरावर न थांबता चित्र काढायला लावावे आणि माणसे कुठे उभी आहेत ते पाहावे. प्रमाणाची ओळख झालेल्या मुलांना एक हिशेब फार आवडतो : पृथ्वीगोलाचा व्यास ३० सेंटीमीटर धरला तर एव्हरेस्टची उंची जेमतेम ०.२ मिलिमीटर भरते आणि सुमारे ८ सेंटीमीटरचा चंद्र ९ मीटर दूर ठेवावा लागतो. उठावाच्या पृथ्वीगोलावर बोटाला लागणारे डोंगर मुद्दाम वाढवलेले असतात, हे तेव्हाच सांगून टाकावे.

सपाट नकाशाच्या मर्यादाही लपवू नयेत. नकाशाकार मर्केटरने १५६९ साली समुद्रप्रवासासाठी आखलेल्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीत, ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. ग्रीनलंडचा आकार पृथ्वीगोलावरून पातळ कागदावर उतरवून तो आफ्रिकेवर ठेवू दिला, की वेगळे स्पष्टीकरण फारसे लागत नाही.

ऋतूंचा धडा शक्य तितका शेवटी घ्यावा. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा होतो, ही समजूत कित्येक मोठ्या माणसांचीही असते; वास्तविक ती सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा चालू असतो. दिव्याभोवती पृथ्वीगोल फिरवून दाखवताना आसाचे वरचे टोक नकळत सतत दिव्याकडे झुकलेले ठेवले जाते, आणि मग ऋतू बदलण्याचे कारणच प्रयोगातून नाहीसे होते. ते टोक पूर्ण फेरीभर खोलीच्या एकाच भिंतीकडे कललेले राहिले पाहिजे. शक्यतो आधी एकट्याने सराव करावा.

मूल्यमापनासाठी मी पाठांतराचे प्रश्न कमीत कमी ठेवतो. एखाद्या काल्पनिक बेटाचा प्रमाण, दिशा आणि सूची असलेला नकाशा देऊन, बंदरापासून गावापर्यंत किती अंतर आहे, कोणत्या दिशेला जावे लागेल आणि वाटेत नदी कुठे ओलांडावी लागेल, एवढे विचारले तरी पुरते. बेट काल्पनिक असल्यामुळे त्याचे उत्तर कोणालाही आधीपासून पाठ नसते.