आयसर हीच पहिली पसंती असेल तर: अकरावीपासून जुलैपर्यंतची तयारी

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. इंजिनिअरिंग नको, मेडिकल नको, मला सायन्सच शिकायचंय, असं ठामपणे सांगणारी मुलं प्रत्येक बॅचला भेटतात. त्यांची मला काळजी वाटते, कारण घरी काय आणि क्लासमध्ये काय, सगळं जेईई नाहीतर नीटभोवती फिरत असतं. ‘तिकडे नाही जमलं तर आयसर आहेच’ हे वाक्य तर पालकांकडून हमखास ऐकू येतं. पण आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, यांची परीक्षा वेगळी, तिला लागणारे कागद वेगळे आणि वेळापत्रकही वेगळं. दुसऱ्या कशाची तयारी करता करता आयसर आपोआप होईल, या भरवशावर राहू नका. ज्यांना खरंच तिथे जायचंय त्यांच्यासाठी ही यादी.

आधी कशासाठी अर्ज करायचा ते पक्कं करा. देशात सात आयसर आहेत. तिथला मुख्य अभ्यासक्रम पाच वर्षांचा बीएस-एमएस. प्रवेश मिळतो तो फक्त आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्टवर, म्हणजे मुलं ज्याला आयएटी म्हणतात त्या परीक्षेवर. केव्हीपीवाय ही शिष्यवृत्ती परीक्षा बंद झाली आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा रस्ताही आता उरलेला नाही, त्यामुळे मोठ्या भावंडांच्या वेळची माहिती बाजूला ठेवा. याच आयएटीचे गुण बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) बीएस रिसर्चसाठी चालतात, पण तिथला अर्ज स्वतंत्र भरावा लागतो. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कालिना कॅम्पसवरचं सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या दोन संस्थांसाठी नेस्ट नावाची वेगळी परीक्षा आहे. नुसतं गणितच करायचं असेल तर चेन्नईची सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) आणि आयएसआयचा (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा) बंगळुरूचा बीमॅथ यांच्या प्रवेश परीक्षा बघा. तिथे पर्यायाला खूण करून भागत नाही, सिद्धता लिहाव्या लागतात, त्यामुळे तो सराव वर्षभर हवा.

अकरावीत असाल तर २८ फेब्रुवारी कॅलेंडरवर आताच खूण करून ठेवा. विज्ञान दिनाच्या सुमाराला नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण सर्वांसाठी खुली असते, पुण्या-मुंबईतल्या संशोधन संस्थाही दारं उघडतात. बारावीत त्याच दिवसांत बोर्डाची परीक्षा चालू असते, म्हणजे जायचं ते अकरावीतच. तिथे नुसते फोटो काढून परत येऊ नका. पीएचडी करणाऱ्या एखाद्या ताईला किंवा दादाला गाठा आणि विचारा, की कालचा दिवस कसा गेला? काय चुकलं, कुठे अडलं? तुमचा कल खरा आहे की नाही, हे कुठल्याही समुपदेशनापेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त कळतं. जमल्यास नोव्हेंबरमधली एनएसई द्या. ऑलिम्पियाडची ती पहिली पायरी. निवड झाली नाही तरी प्रश्न खोलात जाऊन कसे विचारतात याची ओळख होते. तिची नोंदणी पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा सरांच्या मागे लागून ती करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विषयांचं. आयएटीत ६० प्रश्न असतात: बायोलॉजी, केमिस्ट्री, मॅथ्स आणि फिजिक्स, प्रत्येकी १५. वेळ तीन तास. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा, एकूण २४०. अर्ज करायला या चारपैकी तीन विषय बारावीला असले की पुरतात, पण पेपर चारही विषयांचा येतो आणि क्रमवारी २४० वरच लागते. आपल्याकडची हुशार मुलं कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं बायफोकल घेतात आणि दहावीनंतर बायोलॉजीचं तोंड बघत नाहीत. मग आयएटीत ६० गुणांचा पूर्ण विभाग कोरा सोडतात. पीसीबीवाले मॅथ्सच्या बाबतीत तेच करतात. चुरस एवढी असताना पाव पेपर सोडून देणं परवडत नाही.

पीसीएमच्या मुलांना माझा आग्रह आहे, की एनसीईआरटीचं अकरावी-बारावीचं बायोलॉजी आणा आणि जेनेटिक्सपासून सुरुवात करा, वर्गीकरणापासून नाही. डायहायब्रिड क्रॉसचं ९:३:३:१ म्हणजे तुम्हाला येणारं प्रॉबॅबिलिटीचं गणितच आहे. हार्डी-वाइनबर्गचं उदाहरण बघा. एखादं रिसेसिव्ह लक्षण १०० पैकी १६ जणांत दिसतं, तर क्यू म्हणजे त्या रिसेसिव्ह जनुकाचं प्रमाण आणि पी म्हणजे दुसऱ्याचं; क्यूचा वर्ग ०.१६, म्हणजे क्यू ०.४ आणि पी ०.६. मग कॅरिअर किती? दोन गुणिले ०.४ गुणिले ०.६, म्हणजे ०.४८. शंभरात ४८. ज्या मुलाने बायोलॉजी सोडलं त्याला हे सोडवायला अर्धं मिनिट लागतं, फक्त धडा उघडलेला हवा. त्यानंतर डीएनएपासून प्रोटीनपर्यंतचा प्रवास, सेल डिव्हिजन, इव्होल्यूशन, इकॉलॉजी. रोज पाऊण तास दिला तरी दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत एवढं नक्की होतं. पीसीबीच्या मुलांनी मॅथ्समध्ये फंक्शन्स, लिमिट्स, डेरिव्हेटिव्ह, प्रॉबॅबिलिटी आणि मॅट्रिक्स एवढं तरी हाताखालून घालावं. नेस्टमध्ये चारपैकी सर्वोत्तम तीन विभाग धरतात, त्यामुळे तिथे थोडी मोकळीक मिळते. आयएटीत तशी मिळत नाही.

बालभारती की एनसीईआरटी, हा प्रश्न दर वर्षी येतो. बोर्डासाठी बालभारती, आयएटीसाठी एनसीईआरटी, आणि दोन्हींतला फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचा. फिजिक्सचंच बघा. रोटेशन, फ्लुइड्स, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स हे आपल्या बोर्डाला बारावीत येतं, एनसीईआरटीत ते अकरावीत आहे. ऑप्टिक्सचं उलट आहे: किरणांचा भाग आपल्याकडे अकरावीतच संपतो आणि बारावीत फक्त वेव्ह ऑप्टिक्स राहतं. म्हणून बारावीच्या मुलांचे लेन्स-आरशाचे प्रश्न चुकतात, विसरलेले असतात बिचारे. मॅथ्समध्ये पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि मॅथेमॅटिकल लॉजिक बोर्डापुरतं करा. बाकी आयएटीच्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, घड्याळ लावून तीन तास सलग बसा, आणि वजा गुण धरून स्वतःच तपासा. अंदाजाने मारलेली उत्तरं वेगळ्या रंगाने खुणावली, की अंदाजाने किती गेले आणि किती आले ते दिसतं.

कागदांकडे पालकांनी लक्ष द्यावं, अगदी कळकळीने सांगते. अभ्यास मुलांचा, सेतू केंद्रातल्या रांगा तुमच्या. या केंद्र सरकारच्या संस्था आहेत, त्यामुळे राज्याच्या नमुन्यातला जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर इथे चालत नाही. ओबीसी-एनसीएल दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो आणि तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचं) तसंच. फॉर्म साधारण मार्चमध्ये सुरू होतो आणि नवा दाखला एप्रिलशिवाय निघत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे, वडिलांचा जातीचा दाखला, शाळा सोडल्याचे दाखले अशी फाइल फेब्रुवारीतच तयार ठेवा आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका. अर्ज करताना ‘केंद्र सरकारसाठीचा नमुना’ असं तोंडाने सांगा आणि हातात पडलेला कागद तिथेच वाचून बघा.

प्रवर्गांत आणखी एक मेख आहे. राज्यात विमुक्त, भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गात असलेल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत. आपली जात त्या यादीत कोणत्या नावाने, कोणत्या स्पेलिंगने आहे ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर जाऊन पाहा. कुणबी केंद्राच्या यादीत आहे. राज्याने मराठा समाजासाठी केलेला एसईबीसी हा प्रवर्ग मात्र केंद्रात नाही. त्या दाखल्यावर विसंबून राहिलेल्या मराठा कुटुंबांनी ईडब्ल्यूएसच्या अटींत बसतो का ते तपासावं: वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि कुटुंबाची शेतजमीन ५ एकरांहून कमी. सातबारा काढून, सगळे तुकडे मिळवून क्षेत्र मोजा. जिरायत असली तरी ती जमीनच धरतात.

फॉर्म भरताना नाव जपून टाका. बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी, आणि कुठेतरी वडिलांचं नाव अर्धवट असतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे तेच प्रमाण मानून आधार आधी दुरुस्त करून घ्या, फेब्रुवारीच्या आत. पात्रतेला बारावीला ६० टक्के लागतात. एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ५५. बारावी त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी झालेली असावी. टक्क्यांची अट सोपी दिसते म्हणून प्रॅक्टिकल आणि भाषेच्या पेपरकडे दुर्लक्ष करू नका. फॉर्म मुलाने स्वतः भरावा, सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवरून तर मुळीच नको. पुढचे सगळे निरोप त्याच ईमेलवर येतात आणि काउन्सेलिंगच्या मुदती फार छोट्या असतात.

मार्च ते जून हा काळ दमवणारा असतो. बोर्ड संपतं, एप्रिलमध्ये जेईई मेन, मग सीईटी, मे महिन्यात नीट. आयएटी २०२४ मध्ये ९ जूनला झाली, २०२५ मध्ये २५ मेला. म्हणजे सगळ्या परीक्षा संपून मुलं मोडकळीला आली, की ही येते. ज्यांची पहिली पसंती आयसर आहे त्यांनी मधल्या परीक्षांपैकी एक तरी सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जायचंच नाही त्या कोर्सच्या परीक्षेसाठी मे महिना घालवू नये. हे पालकांशी डिसेंबरात बोलून ठरवा, मे महिन्यात त्यावरून घरात भांडणं नकोत.

पसंतीक्रम भरताना महाराष्ट्रातली मुलं पुणे टाकतात आणि बाकीचं डोळे मिटून. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला (तीही एनसीएलच) लागून असलेलं आयसर सर्वांनाच हवं असतं, म्हणून खालची सहा नावंही विचार करून लिहा. मोहालीचं शहरात आहे, भोपाळचं भौरीत, कोलकात्याचं प्रत्यक्षात नादिया जिल्ह्यात मोहनपूरला. तिरुअनंतपुरमचं विथुराच्या डोंगरात, शहरापासून दूर. तिरुपतीचं येर्पेडूला. ओडिशातलं बरहमपूर सर्वांत नवं, २०१६ चं. पुणे-सोलापूरकडच्यांना कोणार्क एक्सप्रेस थेट तिथे नेते. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर जाऊन तुम्हाला आवडणाऱ्या विषयाचे किती प्राध्यापक आहेत, ते काय करतात ते वाचा. पाचव्या वर्षी थिसिस त्यांच्यापैकीच कुणाच्या हाताखाली करायचा असतो. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा जाते, तेव्हा खरोखर जायची तयारी असेल तोच क्रम लावा.

पैशांचं एक सांगते. बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलात आणि मूलभूत विज्ञान शिकत असाल तर इन्स्पायर शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो, वर्षाला ८० हजार. रक्कम वेळेवर हातात पडेलच असं धरून पहिल्या सत्राचं नियोजन करू नका, तेवढी सोय आधी करून ठेवा.

दुसरा रस्ताही उघडा ठेवा. गावाजवळच्या चांगल्या कॉलेजात बीएस्सीचा प्रवेश घेऊन ठेवा, पण एलसीची मूळ प्रत जमा करण्यापूर्वी चार साक्षांकित प्रती काढा आणि प्रवेश रद्द केल्यास ती किती दिवसांत परत मिळते ते विचारा. बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेटही तेव्हाच मागवा. आयसर नाही मिळालं तर बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, इंटिग्रेटेड पीएचडीही आहे. मिळालं, तर निघेपर्यंतच्या दिवसांत पीसीबीच्या मुलांनी कॅल्क्युलस आणि पीसीएमच्यांनी सेल बायोलॉजी पुन्हा काढावं, कारण पहिल्या वर्षी चारही विषय सगळ्यांना असतात.