मुक्या जनावराचा आतला आजार कसा ओळखावा

“कालपासून पेजेला तोंड लावलेलं नाही,” एवढे एकच वाक्य घेऊन माणसे कुत्रे किंवा मांजर दवाखान्यात आणतात. त्या वाक्यातून पशुवैद्याला जवळजवळ काहीच कळत नाही, कारण गोचीड-तापापासून मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत बहुतेक आतल्या आजारांची सुरुवात अन्न सोडण्यानेच होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक वाड्यांपासून दवाखाना दूर असतो, आणि तिथल्या डॉक्टरांचा बराचसा दिवस गाई-म्हशींच्या मागे जातो. म्हणून घरून निघण्यापूर्वी केलेली दहा मिनिटांची पाहणी आणि ती लिहिलेला एक कागद यांची किंमत इथे शहरापेक्षा जास्त आहे.

पाहणीची सुरुवात हिरडीपासून करावी. वरचा ओठ उचलला की निरोगी जनावराची हिरडी गुलाबी आणि ओलसर दिसते. बोटाने दाबली की ती पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. त्याहून वेळ लागत असेल, तर रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे. हिरडी फिकट असेल तर रक्त कमी झाल्याचा, पिवळी असेल तर काविळीचा, निळसर असेल तर प्राणवायू कमी पडत असल्याचा संशय घ्यावा. आपल्या गावठी कुत्र्यांपैकी पुष्कळांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहावा.

ताप हात लावून कळत नाही. कुत्र्या-मांजरांचे नेहमीचे तापमान 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे आपल्या हिशेबाने निरोगी कुत्राही तापलेलाच वाटतो, आणि नाक कोरडे की ओले यावरून काहीच ठरत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून तो गुदद्वारात घालावा आणि 103 च्या वर आकडा आला तर वेळेसह लिहून ठेवावा. जनावर झोपलेले असताना छातीचे श्वास मोजावेत. मिनिटाला 30 पेक्षा अधिक श्वास सतत भरत असतील, तर हृदय किंवा फुप्फुसे तपासणे भाग आहे. मांजर तोंड उघडे टाकून धापा टाकत असेल, तर मोजत बसू नये, तडक निघावे.

आपल्याकडे कुत्र्याला ताप आला की पहिला संशय गोचिडीवर घ्यावा, मग अंगावर आज एकही गोचीड सापडो वा न सापडो, कारण ती चावल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते तीन आठवडे जातात आणि तोपर्यंत ती गळून पडलेली असते. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली पाहावे. एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूने रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटतात, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उठतात, कधी घोळणा फुटतो. बबेसिया हा गोचिडीतूनच येणारा परजीवी तांबड्या पेशीच फोडतो, त्यामुळे हिरडी पांढरी पडते आणि लघवी तांबूस किंवा कोऱ्या चहासारखी होते. दोन्हींत ताप आणि मरगळ सारखीच, परंतु औषधे निराळी. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालते, बबेसियावर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणूनच रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा आग्रह धरावा.

घोळणा फुटला म्हणजे गोचीड-तापच, असे मात्र नाही. कुत्रा दोन-तीन दिवसांपूर्वी कुठे होता हे आठवावे. माडा-पोफळीच्या बागेत किंवा मांगरात उंदरांसाठी ठेवलेल्या काही औषधांनी रक्त गोठणे बंद होते, आणि रक्तस्राव ते खाल्ल्यावर लगेच न दिसता काही दिवसांनी दिसतो. त्यावर व्हिटॅमिन के 1 हा उतारा आहे. फुरसे चावले तरी रक्त गोठत नाही, पण त्यात चाव्याच्या जागी सूज असते आणि सारे काही तासांत घडते. औषधाचे पाकीट सापडले तर ते बरोबर न्यावे. त्या रिकाम्या पाकिटाइतकी मोलाची माहिती कोणतीही तपासणी देत नाही.

पावसाळ्यातला दुसरा मोठा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीतून हे जंतू गोठ्यात, पाणंदीत, लावणीच्या चिखलात येतात आणि कुत्र्याच्या शरीरात ओल्या कातडीतून किंवा बारीकशा जखमेतून शिरतात. तिथून ते मूत्रपिंड आणि यकृत गाठतात. ताप, उलट्या, अंग दुखत असल्यामुळे उठायला नकार, आधी खूप तहान आणि मग लघवी कमी होत जाणे, अशी लक्षणे एकामागून एक दिसतात. डोळे पिवळे झाले की घरात झाडपाल्याच्या औषधाची चर्चा सुरू होते. कावीळ हा आजार नसून खूण आहे, आणि ती लेप्टोमुळे आहे की बबेसियामुळे, हे रक्त-लघवी तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पाल्याचा रस पाजण्यात गेलेले दोन दिवस मूत्रपिंडाला परत मिळत नाहीत. नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा, पण त्याच्या अहवालासाठी उपचार थांबवू नयेत. सलाईन आणि प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवे. हाच आजार माणसालाही होतो, म्हणून लघवी साफ करताना हातमोजे घालावेत, आणि घरात कोणाला ताप आला तर कुत्र्याचा आजार आपल्या डॉक्टरांना सांगावा. लसीचे पहिले दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात आणि पुढे दर वर्षी एक. ते मे महिन्यातच उरकावे.

मांजराच्या बाबतीत चूक होते ती निराळ्या ठिकाणी, आणि ती मीही केलेली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बंदरगावातून फोन आला होता की बोका सकाळपासून कुंथतो आहे, शी होत नाही. मी न पाहताच इसबगोल सांगितले. दुसऱ्या दिवशी तो टेबलावर आला तेव्हा पोटात मूत्राशय कच्च्या रायवळ आंब्याएवढे आणि तितकेच टणक लागत होते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट स्राव अडकून ती बंद झाली की रक्तातले पोटॅशियम वाढते आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकते. म्हणून बोका वारंवार बसतो आणि थेंब-दोन थेंबांपलीकडे काही येत नाही असे दिसले, तर ती रात्रीही उठून नेण्याची वेळ आहे. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न घरी करू नये, मूत्राशय फाटू शकते.

याउलट म्हाताऱ्या मांजराची लघवी वाढते आणि पाण्याचे भांडे लवकर रिकामे होते, याचे कोणाला काही वाटत नाही. मूत्रपिंडाचा बहुतांश भाग निकामी झाल्याखेरीज क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बाहेर टाकते ते रक्तातले टाकाऊ द्रव्य, वाढत नाही, त्यामुळे अहवाल चांगला आला तरी लघवीची घनता तपासून घ्यावी. तहान मधुमेहातही वाढते. नसबंदी न केलेल्या कुत्रीची तहान माजानंतर महिना-दोन महिन्यांत वाढली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता आधी तपासावी, बाहेर स्राव दिसत नसला तरी. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठते, हे वेगळेच दुखणे होऊन बसते.

उलट्या होत असतील तर किती वेळा, खाल्ल्यावर किती वेळाने आणि बाहेर काय पडले, हे लिहावे. मोबाइलवर फोटो काढला तर अधिक चांगले. किनाऱ्यावरच्या मांजरांच्या पोटात गळ आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, जातो. जिभेखाली किंवा गुदद्वाराबाहेर तंगुसाचे टोक दिसले तर ते ओढू नये, कारण आतडे त्यावर चुणीसारखे गोळा झालेले असते आणि ओढले की चिरते.

घरातल्या औषधांबद्दल एकच सांगणे आहे. मांजराला पॅरासिटामॉल अजिबात देऊ नये. अर्ध्या गोळीनेही हिरड्या तपकिरी पडून ते दगावू शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत. कुत्र्याचे गोचिडीचे औषध मांजराला लावू नये, त्यातल्या पर्मेथ्रिनने झटके येतात.

रक्त माणसांच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागले, तर रक्त कुत्र्याचे की मांजराचे हे नळीवर लिहून द्यावे. मांजराच्या प्लेटलेट नळीत गुठळ्या करून बसतात आणि यंत्र त्या कमी मोजते. तो आकडा पाहून घाबरण्याआधी काचपट्टी पाहून घ्यावी.

एर्लिकियाचा कुत्रा डॉक्सिसायक्लिनच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेपूट हलवू लागतो आणि तिथेच औषध बंद पडते. हा क्रम साधारण 28 दिवसांचा असतो. गोळ्यांची पट्टी भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून ठेवावी आणि संपल्यावर प्लेटलेट पुन्हा मोजून घ्याव्यात. हेच औषध मांजराला द्यायची वेळ आली, तर गोळीमागून सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी सावकाश पाजावे, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे व्रण होऊन नळी आवळत जाते.