कंपनीच्या मॅचिंग योजनेतून आपली देणगी दुप्पट कशी करावी

नोकरी सांभाळून फावल्या वेळात मी एका छोट्या संस्थेचे हिशेब पाहते. वर्षअखेरीस देणगीदारांची यादी लावायला बसलं की दर वेळी जीव हळहळतो. मोठमोठ्या कंपन्यांत काम करणारी कितीतरी माणसं त्या यादीत असतात. त्यांनी मनापासून पैसे दिलेले असतात, आणि कंपनीनेही तेवढेच दिले असते. फक्त मागायला हवे होते. कुणाला अशी योजना आहे हेच ठाऊक नसतं, तर कुणाची ‘फॉर्म नंतर भरू’ म्हणता म्हणता मुदत टळून जाते.

योजना तशी सरळ आहे. कर्मचाऱ्याने एखाद्या धर्मादाय संस्थेला देणगी दिली की कंपनी त्याच संस्थेला आपल्याकडून भर घालते. यालाच मॅचिंग म्हणतात. 1954 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या फाउंडेशनने ही पद्धत सुरू केली. कर्मचारी ज्या कॉलेजांत शिकले, त्यांना त्यांनी दिलेल्या देणग्यांवर कंपनी भर घालायची. आज शिक्षणाबरोबर आरोग्य, पर्यावरण, आपत्ती-मदत अशा कामांसाठीही अनेक कंपन्या मॅचिंग देतात.

पायरी 1: पैसे देण्याआधी नियम वाचा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच सगळे गाळतात. कंपनीच्या अंतर्गत वेबसाइटवर ‘मॅचिंग’, ‘गिव्हिंग’ किंवा ‘डोनेशन’ हे शब्द टाकून शोधा. काही सापडलं नाही तर एचआरला मेल टाका. तिथल्या माणसालाही माहिती नसेल, तर सामाजिक उपक्रम पाहणाऱ्या विभागाला विचारा. बऱ्याच कंपन्या हे काम बेनेव्हिटीसारख्या पोर्टलवरून चालवतात. तुमचं लॉगिन आधीपासून तयार असेल आणि तुम्ही ते कधी उघडलंच नसेल, असंही होतं.

नियम सापडले की आधी प्रमाण पाहा. बहुतेक ठिकाणी ते एकास एक असतं. कुठे कंपनी निम्मीच भर घालते, कुठे दुप्पट. मोठी आपत्ती ओढवली की काही कंपन्या तेवढ्यापुरतं प्रमाण वाढवतात. त्यानंतर किमान रक्कम आणि वर्षाची कमाल मर्यादा बघा. या मर्यादेचा हिशेब आधीच मांडला तर खरा फायदा होतो. समजा प्रमाण एकास एक आहे, वर्षाची मर्यादा 4,000 आहे आणि तुम्हाला 6,000 द्यायचे आहेत. सगळे एकदम दिलेत तर कंपनीचे 4,000 धरून संस्थेला 10,000 मिळतील. तेच 4,000 या वर्षी आणि उरलेले 2,000 पुढचं वर्ष लागताच दिलेत, तर संस्थेच्या हाती 12,000 पडतील. तुमच्या खिशातून मात्र तेवढेच गेले. वर्ष कंपनी कधीपासून कधीपर्यंत धरते, ते तेवढं विचारून घ्या.

मुदतीचं गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. काही ठिकाणी देणगी दिल्यापासून ठरावीक महिन्यांत अर्ज करावा लागतो, काही ठिकाणी वर्ष संपेपर्यंत. निवृत्त कर्मचारी, अर्धवेळ काम करणारे, जोडीदार यांच्या देणग्याही चालतात का, हेही त्याच बैठकीत पाहून टाका. निवृत्तीनंतरही मॅचिंग सुरू ठेवणाऱ्या कंपन्या आहेत.

पायरी 2: संस्था नियमात बसते का ते पाहा

पोर्टलवर संस्था नावाने शोधू नका, नोंदणी क्रमांकाने शोधा. एकसारख्या नावांच्या संस्था पुष्कळ असतात आणि चुकीच्या संस्थेला गेलेली भर परत आणणं फार जिकिरीचं असतं. राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्यांवर सहसा मॅचिंग मिळत नाही. प्रार्थनास्थळांनाही बरेचदा वगळलेलं असतं. एखाद्या व्यक्तीच्या उपचारासाठी ऑनलाइन निधी गोळा होतो, त्यात दिलेले पैसेही बहुधा बसत नाहीत, कारण ते नोंदणीकृत संस्थेकडे जात नाहीत. ते द्यायचे असतील तर जरूर द्या. मॅचिंगच्या भरवशावर मात्र देऊ नका.

तुमची संस्था यादीत नसेल तर तिला सांगा. कागदपत्रं देऊन संस्था स्वतःची नोंद करून घेऊ शकते, पण पडताळणीला वेळ लागतो. म्हणून विचारपूस आधी, देणगी नंतर.

पायरी 3: देणगी आपल्याच नावाने द्या

माझा पहिला अर्ज परत आला होता, तो अजून डोक्यात आहे. पैसे आमच्या संयुक्त खात्यातून गेले होते. संस्थेच्या साइटवर माहिती भरताना मोबाइल नवऱ्याच्या हातात होता, त्याने सवयीने स्वतःचं नाव टाकलं. पावतीवर त्याचं नाव, अर्जावर माझं. त्याच्या कंपनीत अशी योजनाच नव्हती. त्या वर्षीची भर बुडाली ती बुडालीच. तेव्हापासून पैसे देताना मी नाव, आडनाव आणि स्पेलिंग कंपनीच्या नोंदीत आहे तसंच्या तसं लिहिते.

आणखी एक. कार्यक्रमाचं तिकीट, सभासद-वर्गणी, लिलावात घेतलेली वस्तू यांच्या बदल्यात तुम्हाला काही मिळालेलं असतं, म्हणून ती रक्कम बहुतेक ठिकाणी देणगी धरली जात नाही. देणग्या गोळा करणाऱ्या ऑनलाइन मंचाला त्याच्या खर्चासाठी दिलेली वरची रक्कम, म्हणजे ‘टिप’सुद्धा देणगीत मोजू नका. आणि मित्रांकडून पैसे गोळा करून ते आपल्या नावावर दाखवू नका. ती कंपनीची फसवणूक होते. ज्याने त्याने आपापल्या नावाने द्यावेत, आपापल्या कंपनीत अर्ज करावा.

पगारातून कापून देणगी देण्याची सोय असेल तर ती जरूर घ्या. तिथे बहुतेकदा वेगळा अर्ज लागत नाही, भर आपोआप पडते.

पायरी 4: अर्ज त्याच दिवशी करा

फॉर्ममध्ये संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, देणगीची तारीख, रक्कम आणि पावती एवढंच लागतं. पावती म्हणजे संस्थेने दिलेली. पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट चालेल असं धरून चालू नका. दहा मिनिटांचं काम आहे. पावतीचा मेल आला की लगेच पोर्टल उघडा. अर्ज दाखल झाल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवा.

पायरी 5: संस्थेला कळवा

हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं, पण टेबलाच्या या बाजूने मी ते रोज बघते. तुम्ही अर्ज केला की पोर्टलकडून संस्थेला मेल जातो: अमुक व्यक्तीची देणगी मिळाली का, खात्री करा. संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. आमच्याकडे हे मेल कित्येक महिने अशा पत्त्यावर जात होते, जो केव्हाच काम सोडून गेलेल्या एका स्वयंसेवकाचा होता. तो पत्ता बदलला तेव्हा अडकलेले अर्ज एकेक करून बाहेर आले. त्यातल्या काहींची मुदत संपली होती.

पैसे आले तरी ओळखायची पंचाईत. बरेचदा ते काही महिन्यांनी, अनेक देणगीदारांचे एकत्र आणि मध्यस्थ संस्थेच्या नावाने जमा होतात. बँकेच्या उताऱ्यात फक्त एक ओळ आणि एक आकडा. म्हणून संस्थेला चार ओळी लिहा: मी अमुक तारखेला एवढी देणगी दिली, माझी कंपनी ही, मॅचिंगचा अर्ज केला आहे, क्रमांक हा. ज्यांचे असे मेल येतात, त्यांची भर आमच्याकडे हरवत नाही. तीन-चार महिन्यांनी पोर्टलवर स्थिती पाहा. ‘संस्थेच्या उत्तराची प्रतीक्षा’ दिसलं तर सरळ फोन करा.

करसवलत तुम्हाला फक्त तुमच्या रकमेवर मागता येते. कंपनीची भर ही कंपनीची देणगी आहे.

पैसे द्यायला जमत नसेल आणि तुम्ही संस्थेसाठी वेळ देत असाल, तर तासांची नोंद ठेवा. स्वयंसेवेच्या तासांमागे संस्थेला ठरावीक रक्कम देणाऱ्या कंपन्याही आहेत. अर्ज साधारण असाच असतो, फक्त पावतीच्या जागी संस्थेने मान्य केलेले तास लागतात.

आता मेलबॉक्स उघडून गेल्या वर्षभरातल्या देणगीच्या पावत्या शोधा. ज्यांची तारीख तुमच्या कंपनीच्या मुदतीत बसते, त्यांचा अर्ज आजही करता येईल.