पाकिटावरचं जुनं तिकीट न फाटता कसं सोडवायचं

ठाण्यात नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळा आवरताना आजोबांच्या पत्रांची पिशवी सापडली, आणि एका पाकिटावर मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं १९९३ सालचं १ रुपयाचं तिकीट! तलावपाळीला ज्यांच्या नावाचं रंगायतन आहे त्या गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकातली लतिकेची भूमिका बलवंत संगीत मंडळीत दीनानाथांनीच केलेली, त्यामुळे ठाणेकराच्या घरात हे तिकीट नीट जपलं गेलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी पोस्टाचा शिक्का बघा. गाव, तारीख स्पष्ट वाचता येत असेल आणि पाकीट धड असेल तर तिकीट काढूच नका, अख्खं पाकीट ठेवा. माझ्या पाकिटाला वाळवी लागलेली म्हणून काढावं लागलं. आणि कोरं, न वापरलेलं तिकीट कधीच भिजवायचं नाही, मागचा डिंक गेला की त्याची किंमतच गेली.

तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापा, तिकिटाच्या कडेच्या दात्यांना कात्री लागता कामा नये. पसरट बाऊलमध्ये कोमट पाणी घ्या, कडकडीत नको, तिकिटाची बाजू वर ठेवून सोडा. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या पाण्यात, नाहीतर रंग उतरून सगळी तिकिटं खराब होतात. मग १५-२० मिनिटं हात लावायचा नाही, तिकीट आपोआप सरकायला लागतं. मी दुसऱ्या एका तिकिटाला पाच मिनिटांतच ओढलं तर कोपऱ्याचा मागचा थर कागदालाच चिकटून राहिला, अजून वाईट वाटतं. सुटलं की मागचा चिकटपणा बोटाने अलगद पुसा, स्वच्छ पाण्यातून काढा, टीपकागदावर पालथं ठेवा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. पूर्ण सुकलं की थोडं गुंडाळतं, तेव्हा टीपकागदात घालून रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबा.

नंतर चपट्या टोकाच्या चिमट्याने उचलून स्टॉक बुकमध्ये (तिकिटं सरकवून ठेवायच्या पट्ट्या असलेली वही), सेलोटेप फेविकॉल काही नाही. आपल्याकडे जुलैत भिंतीसुद्धा ओल्या लागतात, म्हणून स्टॉक बुक उभं ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पाऊस सरला की पानं उघडून हवा द्या, पण उन्हात नाही.

आणि पाकीट टाकायच्या आधी कोणी कोणाला कुठून पाठवलेलं ते पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून तिकिटाशेजारी ठेवा. माझ्या चिठ्ठीवर आत्याचं नाव आहे, सांगलीहून.