सॉल्ट क्लोरिनेटर क्लोरीन देईना? सेल बदलण्याआधी हे तपासा

पूलच्या पाण्यात क्लोरीन दिसेना की मेकॅनिक बहुतेक वेळा एकच सांगतो: सेल गेला, नवीन टाका. सॉल्ट क्लोरिनेटर म्हणजे पूलच्या खारट पाण्यातून वीज सोडून क्लोरीन बनवणारं यंत्र, आणि ज्या प्लेटांवर ते बनतं तो भाग म्हणजे सेल. सेल हा या यंत्रातला सगळ्यांत महाग भाग, म्हणून त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी वळायचं. आधी पाणी, मग प्रवाह, मग वायरी आणि बोर्ड.

पंप आणि यंत्र चालू असताना पाण्याचे दोन नमुने घ्या. एक पूलच्या मधोमध कोपरभर खोलीवरून, दुसरा पाणी परत येतं त्या रिटर्नच्या तोंडाशी. दोन्हीकडचं फ्री क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून मोकळं असलेलं क्लोरीन, मोजा. रिटर्नपाशी आकडा स्पष्ट जास्त आला तर सेल क्लोरीन बनवतोय, ते पाण्यात टिकत नाहीये. उघड्यावरच्या पूलमध्ये याचं नेहमीचं कारण म्हणजे स्टॅबिलायझर, म्हणजेच सायन्युरिक अ‍ॅसिड, कमी पडणं. ते ६० ते ८० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ठेवा, नाहीतर दिवसभरात बनलेलं क्लोरीन ऊनच खाऊन टाकतं. पूल हिरवा पडला असेल तर यंत्राच्या भरवशावर राहू नका. आधी लिक्विड क्लोरीनने पाणी साफ करा, मग यंत्र लावा.

आता ‘लो सॉल्ट’चा दिवा. बरीच यंत्रं मीठ थेट मोजत नाहीत. सेलमधून किती करंट जातोय यावरून ती अंदाज बांधतात. त्यामुळे प्लेटांवर क्षार बसला, कोटिंग झिजलं किंवा पाणी १५ अंशांच्या खाली गेलं, तरी हाच दिवा लागतो. दिवा बघून गोणी ओतली की मीठ नको इतकं वाढतं, आणि मग पाणी काढून टाकण्याशिवाय इलाज नाही. मीठ नेहमी वेगळ्या मीटरने किंवा स्ट्रिपने मोजा. बहुतेक यंत्रांना ३,००० ते ३,५०० पीपीएम चालतं, तरी आपल्या यंत्राचं मॅन्युअल बघा. हिशोब सोपा आहे: १,००० लिटरला १ किलो म्हणजे १,००० पीपीएम. ५०,००० लिटरचा पूल २,४०० वर असेल आणि ३,२०० वर न्यायचा असेल, तर ४० किलो लागेल. बिनआयोडीनचं, ९९ टक्क्यांच्या वर शुद्धतेचं मीठ घ्या. मिठागरातलं खडेमीठ स्वस्त पडतं, पण त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुढे प्लेटांवरच येऊन बसतो. सेल बंद ठेवून मीठ टाका आणि पंप २४ तास चालवा. बाष्पीभवनाने मीठ जात नाही. ते जातं बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना), गळतीत आणि पावसात पूल ओसंडून वाहिला की. लोणावळ्याकडच्या व्हिलांमध्ये पावसाळा सरल्यावर मोजणी चुकवू नका.

‘नो फ्लो’चा, म्हणजे पाणी वाहत नसल्याचा, दिवा आला तर स्किमरची (पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या तोंडाची) जाळी, पंपाची बास्केट आणि फिल्टरचं प्रेशर बघा, गरज पडली तर बॅकवॉश द्या. तरी जात नसेल तर फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहतंय का हे ओळखणारा स्विच, काढून पाहा. त्याच्या पात्यात केस-कचरा अडकतो. स्विच खराब निघाला तर बदला, वायर जोडून बायपास अजिबात करू नका. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनही बनतो. पाणी वाहत नसेल तर तो आतच साठतो आणि सेल फुटू शकतो.

मग सेल उघडा. त्याआधी एमसीबी पाडा आणि व्हॉल्व्ह बंद करा. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी आणि चढलेला पीएच एकत्र आले की प्लेटांच्या फटींत पांढरा खडखडीत थर धरतो. आधी पाइपच्या जोरदार धारेने काढून बघा. नाही निघालं तर प्लास्टिकच्या बादलीत ४ भाग पाणी घेऊन त्यात १ भाग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ओता. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, गॉगल आणि मोकळी हवा हवीच. कनेक्टर कोरडा ठेवून प्लेटा बुडवा आणि बुडबुडे थांबले की काढा. १५ मिनिटांच्या वर ठेवू नका. पत्र्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलंत तर टायटॅनियमवरचं रुथेनियमचं कोटिंग निघतं, आणि तेच तर क्लोरीन बनवतं. दर महिन्याला अ‍ॅसिड द्यावं लागत असेल तर दुखणं पाण्यात आहे: पीएच ७.८ च्या खाली आणि कॅल्शियम हार्डनेस ४०० पीपीएमच्या आत आणा.

सेल स्वच्छ असूनही करंट कमी दाखवत असेल तर प्लग बघा. हिरवट किंवा काळ्या पडलेल्या पिना इथले नेहमीचे गुन्हेगार. ओलाव्याने सैल झालेला जोड तापतो आणि जळतो. बॉक्सच्या आतलं काम इलेक्ट्रिशियनचं. त्याला फ्यूज, बोर्डवर काळवंडलेला थर्मिस्टर (चालू होतानाचा करंटचा झटका अडवणारा भाग) आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) बघायला सांगा. रेक्टिफायरमधल्या प्रत्येक डायोडला मीटरच्या डायोड मोडवर एका दिशेने साधारण ०.५ व्होल्ट दिसायला हवेत आणि उलट दिशेने ‘OL’, म्हणजे करंट जातच नाही. दोन्हीकडे शून्य म्हणजे शॉर्ट.

शेवटची परीक्षा पोलॅरिटीची. प्लेटांवर क्षार बसू नये म्हणून यंत्र ठरावीक तासांनी सेलमधल्या करंटची दिशा उलटवतं. मीठ आणि तापमान बरोबर, प्लेटा साफ, तरी दोन्ही दिशांना करंट कमी, किंवा एका दिशेला ठीक आणि दुसऱ्या दिशेला अगदीच कमी, तर कोटिंग संपलं. मग मात्र नवीन सेल. तो घेताना पूलच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या, कारण प्लेटांचं आयुष्य चाललेल्या तासांवर ठरतं आणि मोठा सेल निम्म्या वेळात काम उरकतो. मात्र तुमचा कंट्रोल बॉक्स तो सेल चालवतो का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.