अकरा पुस्तकांची ऑल्टरनेट हिस्ट्री वाचायला घेताय? आधी तीन सिगार समजून घ्या

ऑल्टरनेट हिस्ट्री म्हणजे खरा इतिहास एका वळणावर वेगळा गेला असता तर, अशी कल्पना करून लिहिलेली गोष्ट. हॅरी टर्टलडव्ह या लेखकाची ‘सदर्न व्हिक्टरी’ ही तशीच कादंबरीमालिका, अकरा जाडजूड पुस्तकं, १९९७ ते २००७ अशी येत राहिलेली. पहिल्यांदा वाचताना मी तिसऱ्याच पुस्तकात अडकलो, कोण कुठल्या बाजूचा हेच लक्षात राहीना. दुसऱ्यांदा जरा पद्धतीने वाचली आणि मग हातातून सुटेना, तीच पद्धत सांगतो.

आधी खऱ्या इतिहासापासून फाटा कुठे फुटतो ते बघा. सप्टेंबर १८६२, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे. दक्षिणेच्या जनरल लीचा हुकूम, स्पेशल ऑर्डर १९१, मेरीलँडमध्ये तीन सिगारांभोवती गुंडाळलेला उत्तरेच्या सैनिकांना सापडला, लीने फौज कुठे कुठे वाटलीय ते सगळं त्यात होतं, मग अँटिटमची लढाई झाली आणि लीला मागे फिरावं लागलं. कादंबरीत तो कागद पडतो खरा, पण दक्षिणेच्याच माणसांना परत मिळतो, आणि तिथून दक्षिण वेगळा देश होते. या खऱ्या इतिहासावर अर्धा तास घालवाच. पहिलं पुस्तक सुरुवातीच्या थोड्या भागानंतर थेट १८८१ मध्ये जातं आणि तिथे लिंकन जिवंत, कामगारांच्या हक्कांवर भाषणं देत फिरतोय! १८६५ मध्ये त्याला गोळी घातली होती हे डोक्यात असेल तरच ते पान अंगावर येतं. दक्षिणेचा जनरल स्टोनवॉल जॅक्सनचंही तसंच, खरा १८६३ मध्येच गेला.

क्रम सोपा आहे, जसं छापलं तसंच वाचायचं. पहिलं एक सुटं, मग तीन, तीन आणि चार.

खरी अडचण माणसांची. गोष्ट दर काही पानांनी एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारते, म्हणून एक वही ठेवा आणि प्रत्येकाला एकच ओळ द्या: नाव, बाजू, गाव, शेवटी काय करत होता. माझ्या वहीत असं होतं, ‘गाल्तिए, क्वेबेकचा शेतकरी, दाराशी अमेरिकन फौज.’ एवढं पुरतं. लेखक स्वतःही मदत करतो, सॅम कार्स्टन हा गोरापान खलाशी उन्हाने भाजतो हे तो इतक्यांदा सांगतो की काहींना कंटाळा येतो, मला मात्र तीनशे पानांनी माणूस परत भेटल्यावर त्याचाच आधार वाटला.

नावं नेटवर शोधू नका, प्लीज. कोण मरतं, कोण राष्ट्राध्यक्ष होतं, सगळं पहिल्याच ओळीत फुटतं, आणि तोफखान्यातला सार्जंट जेक फेदरस्टन हळूहळू कुठे जातो हे तर स्वतःच बघायला हवं.

शेवटची चार पुस्तकं घाईने संपवू नका. त्यातलं कृष्णवर्णीयांचं जे होतं ते वाचताना मला दोनदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं, सिपिओ या कृष्णवर्णीय पात्राची प्रकरणं तर एका दिवशी एकच. आणि प्रत्येक पुस्तक संपलं की पुढचं उघडण्याआधी वहीत तारीख टाकून आपला अंदाज लिहा, कोण जिवंत राहील, सीमा कुठे सरकेल, माझे निम्मे चुकले आणि त्या चुकलेल्यांसाठीच मी पुढचं पुस्तक त्याच रात्री उघडलं.