वेटरला टीप: किती आणि कशी द्यावी

आधी बिल नीट वाचा. सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो वेटरपर्यंत पोहोचतो का, ते विचारून घ्या. पोहोचत असेल तर वेगळी टीप द्यायलाच हवी असं नाही.

हिशेब कर लागण्याआधीच्या रकमेवर करा. दहा टक्के काढायचे तर शेवटचा आकडा सोडा: 840 चे 84. पंधरा टक्के हवे असतील तर त्याचे निम्मे मिळवा: 84 अधिक 42, म्हणजे 126. कूपन वापरलं असेल तर मात्र सवलतीआधीची रक्कम धरा. बिल अर्ध्यावर आलं तरी वेटरने ताटं तेवढीच उचललेली असतात. नकळत अन्याय होतो तो इथेच. नुसत्या चहावर दोन-तीन तास टेबल अडवलं असेल तर टक्केवारी विसरा आणि वेळेचा विचार करून द्या.

पदार्थ खारट निघाला किंवा उशिरा आला, तर चूक बहुधा स्वयंपाकघराची असते. ती मॅनेजरला सांगा. टीप कापलीत तर शिक्षा भलत्यालाच होते. वेटर स्वतः उद्धट वागला तर कमी द्या, पण कारण सांगा.

शक्यतो रोख द्या, तीही हातात. फोल्डरमध्ये ठेवलेली नोट बिलाच्या पैशांत धरली जाऊ शकते. कार्डाच्या मशीनवर सुचवलेली टक्केवारी अनेकदा करासकट रकमेवर काढलेली असते, म्हणून बटण दाबण्याआधी आकडा बघा. टीप सगळ्यांत वाटली जाते का, हेही विचारायला संकोच नको.